चाळिसाव्या पानापर्यंत

पुस्तक हातात आलं की मी आधी त्याचं नाव वाचत नाही. पुस्तक आडवं धरते, पानं घट्ट दाबते आणि जिथून आपण पानं उलटतो ती कड उजेडात बघते. वाचणाऱ्याच्या बोटांचा मळ तिथे बसतो. जिथवर कोणी वाचलं तिथवर कड काळपट होते आणि पुढे कोरी राहते. मुखपृष्ठ खोटं बोलतं, प्रस्तावना खोटं बोलते, दुकानदार तर बोलतोच. मळ खोटं बोलत नाही, असं मी बरीच वर्षं धरून चालले होते.

संशय मला माहेराहून मिळाला. आमची आई भोपळ्याला टिचकी मारून, नारळ कानाशी हलवून, आणि विकणाऱ्याने स्वतःहून पुढे केलेली जुडी हटकून बाजूला सारून भाजी घ्यायची. सांगलीहून लग्न होऊन वसईत आले आणि हा गुण दुपटीने वाढला. आम्ही फ्लॅट बुक केला तेव्हा बिल्डरने एक चकचकीत पुस्तिका दिली होती. तीत कारंजं होतं, लिफ्ट होती, चोवीस तास पाणी होतं. राहायला गेलो तेव्हा कारंज्याच्या जागी टँकर उभा होता आणि लिफ्टच्या खड्ड्यात पहिल्या मजल्यावरच्यांनी सायकली ठेवल्या होत्या. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी तर पाणीसुद्धा फुंकून पिऊ लागले, आणि टँकरचं पाणी बघता त्यात काही चुकीचं नव्हतं.

नव्वदचं दशक संपून दोन-तीन वर्षं झाली असतील. मी माणिकपूरमधल्या एका छोट्या शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात नोकरीला होते. संस्थेच्या तीन शाळा होत्या. त्यांच्या गुणपत्रिका, पगारपत्रकं, दाखले, सगळं आमच्या एका खोलीत टाइप होऊन छापलं जायचं. खोलीत आम्ही दोघं. एक मी, आणि दुसरे ज्यांना सगळे भाऊ म्हणत ते. भाऊ माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, खाडीकाठच्या एका भातशेतीच्या गावचे. संस्थेत शिपाई म्हणून लागले होते. पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला हात लावायची कोणाची छाती होईना. भाऊंनी लावला, आणि तेव्हापासून मशीन त्यांच्याकडे गेलं. इंजिनिअर यायचा तेव्हा ते मागे उभे राहून त्याची बोटं बघायचे. इंजिनिअर गेला की तेच सगळं स्वतः करून दाखवायचे. शिक्षक त्यांना ‘कॉम्प्युटरवाले भाऊ’ म्हणत आणि ते ऐकून भाऊ उगाच चष्मा पुसत.

माझं आणि त्यांचं वाकडं नव्हतं, पण सरळही नव्हतं. एकदा मी कुठे राहते ते सांगितलं तर म्हणाले, “तुमची बिल्डिंग हाय ना, तिच्याखाली आमची खाचरं होती. मोठ्या भावानं विकली. मी सही नाय करत म्हनून दोन वर्षं बोलत नव्हता.” हसून म्हणाले. मी हसले नाही. ज्या माणसाच्या भाताच्या शेतावर भरणी टाकून माझं स्वयंपाकघर उभं राहिलं, तो माझं भलं का चिंतेल, हा विचार त्या दिवशी माझ्या डोक्यात शिरला तो बाहेर पडला नाही. शिवाय त्यांची एक खोड मला खटकायची. इंग्रजीत आलेलं प्रत्येक पत्र ते माझ्या टेबलावर सरकवत. “तुमचं इंग्रजी चांगलं, मॅडम,” एवढंच म्हणत. मला वाटायचं, गोड बोलून काम अंगावर ढकलायची ही रीत आहे.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी संस्थेच्या सचिवांनी आम्हाला बोलावलं. त्यांच्या पुतण्याने त्यांना पटवलं होतं की कॉम्प्युटर चालवणारी जुनी डॉस प्रणाली आता मोडीत काढावी आणि तिच्या जागी लिनक्स आणावं. ते फुकट मिळतं, त्यात व्हायरस येत नाही, एका मशीनवर तिन्ही शाळांचं काम होतं, वगैरे. सचिव म्हणाले, “ऑपरेटिंग सिस्टीम नवीन आहे. क्लास लावायला संस्थेकडे पैसे नाहीत. एक पुस्तक संस्थेच्या खर्चाने आणा. बाई, तुम्ही निवडा. जानेवारीत माझा पुतण्या येऊन बघेल. ज्याला येईल तो मशीनवर राहील. दुसऱ्याने नालासोपाऱ्याच्या शाळेत आवक-जावक बघायची.”

माझी मुलगी तेव्हा पहिलीत होती. तिची शाळा आमच्या कार्यालयासमोर, रस्त्यापलीकडे. साडेबाराला सुटली की शाळेची मावशी तिला रस्ता ओलांडून द्यायची आणि ती माझ्या टेबलाखाली बसून छपाईच्या वाया गेलेल्या कागदावर चित्रं काढायची. सचिवांना ते माहीत होतं, चालत होतं. नवरा रात्री नऊला घरी यायचा. नालासोपाऱ्याला गेले तर साडेबारा ते सहा ह्या पोरीचं काय करायचं? नोकरी सोडणं हेच एक उत्तर होतं, आणि फ्लॅटचे हप्ते अर्धे माझ्या पगारातून जात. म्हणजे ती खुर्ची मला हवीच होती. भाऊंनाही हवी असणार. खुर्ची एकच होती.

सचिवांच्या खोलीतून बाहेर पडल्यावर भाऊ म्हणाले, “मॅडम, विकत घेऊच नका. वाचनालयात हाय एक. पिवळ्या पुठ्ठ्याचं. बारीक हाय, पन लय चांगलं हाय.”

“तुम्ही वाचलंय?” मी विचारलं.

ते जरा घुटमळले. “बघितलंय,” म्हणाले. मग जिन्यात थांबून म्हणाले, “आपन दोघं मिळून वाचू. दुपारी जेवल्यावर. तुम्ही वाचा, मी मशीनवर करीत जातो. दोघांनाही येईल.”

दोघांना येऊन काय उपयोग, खुर्ची तर एकच, हे मी बोलले नाही. पण घरी जाईपर्यंत त्या दोन वाक्यांची मी पुरती चिरफाड केली. संस्था पुस्तक देत असताना हा माणूस घेऊ नका का म्हणतो? चांगलं आहे हे माहीत आहे म्हणजे वाचून झालेलं असणार. मग ‘बघितलंय’ का म्हणाला? आणि मी वाचायचं, त्याने मशीनवर बसायचं, म्हणजे बोटं त्याची वळणार. जानेवारीत पुतण्यासमोर मी काय करणार, पोथी वाचणार? कुठेतरी पाणी मुरत होतं.

त्यात भर ते कागदी कव्हरचं पुस्तक. भाऊंच्या खणात एक जाडसर पुस्तक असायचं, जुन्या कॅलेंडरच्या पानाचं कव्हर घातलेलं, कोरी बाजू वर. मी खोलीत आले की ते खणात जायचं आणि खणाला कुलूप लागायचं. पूर्वी मी तिकडे लक्ष देत नसे. काहीतरी पोथी असेल, रहस्यकथा असेल. आता माझी खात्री पटली की खरं पुस्तक ते आहे, आणि मला दाखवायचं पुस्तक पिवळं आहे. हत्तीचे दात, दुसरं काय.

तरी वाचनालयात गेले. शत्रूने दाखवलेली वाट निदान बघून ठेवावी म्हणून. इंग्रजी पुस्तकांचं एकच कपाट होतं, बहुतेक देणगीत आलेलं. पिवळं पुस्तक लगेच सापडलं. अडीचशे पानांचं असेल. मी ते आडवं धरलं. कड पहिल्या चाळीस पानांपर्यंत चांगली काळी होती, आणि त्यापुढे पांढरीफेक. मळाची रेघ इतकी सरळ होती की सुरीने कापल्यासारखी. मग मागचा पुठ्ठा उघडला. तिथे चिकटवलेल्या कागदावर परतीच्या तारखा आणि सभासद क्रमांक होते. अकरा नोंदी होत्या आणि अकराही नोंदींत क्रमांक एकच. ४१७.

ग्रंथपाल बाई चष्म्यावरून बघत होत्या. म्हणाल्या, “त्यात कुणी पेन्सिलीने लिहिलं होतं. मी खोडायला लावलं. तुम्ही नाही ना लिहिणार?”

मी नाही म्हटलं आणि पुस्तक जागेवर ठेवलं. आत उघडून एक ओळसुद्धा वाचली नाही. गरजच वाटली नाही. एक माणूस एकच पुस्तक अकरा वेळा नेतो आणि दर वेळी चाळिसाव्या पानावर थांबतो, म्हणजे लिहिणाऱ्याला पुढे समजावता आलेलं नाही. ह्यापेक्षा वेगळा पुरावा काय हवा? हातच्या काकणाला आरसा कशाला. भाऊ मला मुद्दाम ह्या चाळीस पानांच्या चिखलात रुतवू बघत होते.

पुढचे चार दिवस मी पुस्तक शोधत फिरले. माणिकपूर नाक्यावरच्या कॉम्प्युटर क्लासवाल्याने सांगितलं की पुस्तकाने काही येत नाही, कोर्स करा. त्याच्या भिंतीवर प्रत्येक विद्यार्थ्याला नोकरीची हमी दिली होती आणि पाच मशीनपैकी तीन बंद होती. स्टेशनजवळच्या पुस्तकाच्या दुकानात मला एका वेळी सहा जाड पुस्तकं दाखवण्यात आली. प्रत्येकाच्या आत एक सीडी चिकटवलेली. दुकानदार म्हणाला, “हे घ्या, हेच चालतं.” कोणाला चालतं विचारलं तर म्हणाला, “सगळे हेच नेतात.” मी पानं चाळली. अर्ध्या पुस्तकात पडद्याचे फोटो. हे बटण असं दाबा, मग ते तसं दिसेल. बटण का दाबायचं त्याबद्दल अवाक्षर नाही. मला बिल्डरची पुस्तिका आठवली. शिवाय नव्या पुस्तकांच्या कडा कोऱ्या करकरीत. कोणी कुठवर पोचलं ह्याचा काही माग नाही. असलं पुस्तक घेणं म्हणजे चेहरा न बघता सोयरीक जमवणं.

शेवटी रद्दीच्या दुकानात गेले. त्या काळात माणिकपूरच्या रद्दीवाल्यांकडे कॉम्प्युटरच्या पुस्तकांची थप्पी लागलेली असायची. लोक हौसेने घेत आणि वर्षभरात विकून टाकत. मी जमिनीवर बसले आणि एकेक आडवं धरून कडा बघायला लागले. रद्दीवाला म्हणाला, “मॅडम, आत बघा की. वाचायचंय ना?” मी त्याला म्हटलं, तू तुझं वजन कर. सगळ्या कडांची एकच गोष्ट होती. वीस पानं काळी, तीस पानं काळी, एकाची तर फक्त प्रस्तावना काळी. अख्खी वसई पहिल्या धड्यात गळाठून बसली होती.

आणि मग ते निळं पुस्तक हाताला लागलं. नऊशे पानं. कड पहिल्यापासून शेवटपर्यंत काळी कुळकुळीत. कोणीतरी हे अथपासून इतिपर्यंत वाचलं होतं, रोज वाचलं होतं. त्याला तेलाचा वास येत होता. मला वाटलं, एखादा इंजिनिअर मशीन दुरुस्त करता करता वाचत असेल. माझे डोळे भरून यायचे बाकी होते.

पुस्तक मी स्वतःच्या पैशाने घेतलं. सचिवांना म्हटलं, संस्थेने खर्च करू नये, माझं मी बघते. त्यांना ते फार आवडलं. खरं कारण असं की संस्थेचं पुस्तक दोघांचं झालं असतं आणि हे एकटीचं राहणार होतं. मी ते कार्यालयात कधी नेलं नाही. पहाटे डबा करायच्या आधी आणि रविवारी दुपारी वाचायची. भाऊंनी एकदा विचारलं, “मिळालं का पुस्तक?” मी म्हटलं, “बघतेय अजून.” ते म्हणाले, “पिवळं बघितलंत का?” मी म्हटलं, “बघितलं. काही खास नाही.” त्यांनी मान हलवली आणि चष्मा पुसला. परत त्यांनी पुस्तकाचा विषय काढला नाही.

निळ्या पुस्तकाने माझा जीव काढला. त्यातल्या कमांड आणि दिवाळीनंतर आलेल्या आमच्या नव्या मशीनवरच्या कमांड ह्यांचं निम्म्या ठिकाणी जमत नव्हतं. पण माझं इंग्रजी बरं होतं आणि नालासोपाऱ्याची भीती होती. मी कमांड पाठ केल्या. परवचा म्हणतात तशा कणीक मळताना म्हणायची. मुलगी सोबत म्हणायची. तिला आजही त्यातल्या चार येतात.

जानेवारीत पुतण्या आला. त्याने दोघांना सारखंच काम दिलं. एका नव्या शिक्षिकेचं खातं उघडा, तिचा कागद छापायला पाठवा, सगळ्या माहितीची नक्कल करून ठेवा, मशीन नीट बंद करा. मी चुकतमाकत केलं, दोनदा अडले, पण पडद्यावर आलेली चूक वाचून सुधारली. मग भाऊ बसले. त्यांची बोटं बघायला पुतण्याही पुढे वाकला. माझ्या निम्म्या वेळात तीन कामं झाली. चौथ्या कामाच्या वेळी पुतण्याने मुद्दाम काहीतरी अडवून ठेवलं. पडद्यावर एक ओळ आली.

“काय म्हणतंय?” पुतण्याने विचारलं.

“परवानगी नाय म्हनतंय,” भाऊ म्हणाले. बरोबर होतं. पुतण्याने मान डोलावली आणि आणखी काही अडवलं. ह्या वेळी तीन ओळी आल्या.

“आता?”

भाऊ पडद्याकडे बघत राहिले. त्यांचे ओठ जरासे हलले. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. पुतण्या वाट बघत होता. मी मागे उभी राहून त्या तीन ओळी वाचल्या. सोप्या होत्या. मला वाटलं, हा माणूस काहीतरी डाव टाकतोय. माझ्याकडून उत्तर काढून घ्यायचंय ह्याला. मी ओठ मिटून उभी राहिले.

“नाय सांगता येत,” शेवटी भाऊ म्हणाले.

पुढच्या सोमवारी ते नालासोपाऱ्याच्या शाळेत आवक-जावक बघायला रुजू झाले. जाताना माझ्या हातात किल्ल्यांचा जुडगा दिला. म्हणाले, “पावसाळ्यात मशीनवर प्लास्टिक घाला. खिडकीतून पानी येतं.” मी बरं म्हटलं. मुलगी टेबलाखालून त्यांना टाटा करत होती.

पहिले काही आठवडे माझ्या अंगात वारं शिरलं होतं. त्यात एका शनिवारी घरची वर्तमानपत्रं घालायला त्याच रद्दीवाल्याकडे गेले. तो म्हणाला, “मॅडम, ते निळं पुस्तक कामाला आलं का? गॅरेजवाल्याकडचं होतं. गाडीखाली टेकू लावायचे त्याचा. फाटत नाही म्हणायचे.” मी हसल्यासारखं केलं. नऊशे पानं रोज हाताळली गेली होती हे खरंच होतं, फक्त वाचली नव्हती. रस्त्याने येताना मी स्वतःला सांगितलं की चालायचंच, शंभरात एखादं चुकतं.

मग वार्षिक निकालाचा आठवडा आला. दुसऱ्या दिवशी पालक गुणपत्रिका न्यायला येणार, आणि सकाळी अकराला छपाई थांबली. पडद्यावर एक ओळ आली, मी ती वाचली, तिचा अर्थही कळला. उपकरणावर जागा शिल्लक नाही. पण कसली जागा, कुठल्या उपकरणावर, आणि मग मी काय करायचं? प्रिंटर तर रिकामा होता. निळ्या पुस्तकात काही सापडेना. पुतण्या कुठल्याशा गावाला लग्नाला गेला होता. सचिव दर अर्ध्या तासाने दारात येऊन उभे राहात. शेवटी दुपारी दोनला मी फोन उचलला. नालासोपाऱ्याला फोन केला तेव्हा माझी मान किती खाली गेली होती ते फक्त टेबलाखालून बघणाऱ्या माझ्या पोरीला माहीत.

भाऊ काही खवचट बोलले नाहीत. म्हणाले, “पडद्यावर काय हाय ते वाचा. आनि मराठीत सांगा.”

मी सांगितलं.

“म्हनजे आतली कुठलीतरी खोली भरलीय. कुठली ते बघू.” त्यांनी एक कमांड सांगितली, अक्षर अक्षर करून. यादी आली. “सगळ्यात मोठी कोन? तिचं नाव काय?”

“स्पूल.”

“त्याचा अर्थ काय होतो?”

मला राग आला. घाम फुटलेल्या बाईला हा माणूस शब्दार्थ विचारत होता. “दोऱ्याचं रीळ,” मी म्हटलं. “त्याचा इथे काय संबंध?”

“हाय की,” भाऊ म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम खुलला. “छपाईचे कागद तिथं गुंडाळून ठेवतंय ते. एकामागं एक सोडायला. जुने निघालेच नसतील, म्हनून नवीन शिरत नाय. जुन्या मशीनवर पन व्हायचं असंच. आधी छपाई थांबवा, मग रीळ मोकळं करा.”

मी वाचत होते, मराठीत सांगत होते, ते करायला सांगत होते. मी वाचायचं, त्यांनी करायचं. वीस मिनिटांत प्रिंटर करकरायला लागला आणि पहिली गुणपत्रिका बाहेर आली. मी खुर्चीत मागे टेकले. मग जे विचारलं ते आभार मानायच्या जागी विचारलं, कारण संशय अजून मेला नव्हता.

“भाऊ, तुम्हाला एवढं कळतं, मग त्या दिवशी तीन ओळी का नाही सांगितल्या?”



“मला इंग्रजी चाळीस पानांपुरतं येतं, मॅडम,” भाऊ म्हणाले. “पुढचं वाचायला कोनी पायजे होतं.” मग म्हणाले, “माझं एक पुस्तक खनात राहिलंय. जुडग्यातली सगळ्यात बारकी किल्ली. कोनी येनार असंल इकडं तर पाठवा.”

तो खण मी इतके दिवस उघडला नव्हता. सभ्यपणाने नव्हे, कुठली किल्ली ते सापडत नव्हतं म्हणून. आता उघडला. कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर काढलं. आत शाळेतली मुलं वापरतात तो इंग्रजी-मराठी शब्दकोश होता. खुणेसाठी वाचनालयाचं सभासद कार्ड घातलेलं होतं. ४१७.

सवयीने मी तो शब्दकोश आडवा धरला. कड पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत काळी होती, आणि तेलाचा वास नव्हता. माझ्या कसोटीला पूर्ण उतरलेलं आयुष्यातलं ते एकच पुस्तक. एका पानासाठी तो माणूस शब्दकोशात किती वेळा शिरत असेल ह्याचा हिशेब मला करवेना. मला माझी लाज वाटली, आणि अजून वाटते. अकरा वेळा पुस्तक नेणाऱ्याने शेवटी एका बाईला जिन्यात विचारलं होतं, आपण मिळून वाचू का. तिने कड बघितली.

शब्दकोश मी शिपायाबरोबर पाठवला नाही, स्वतः घेऊन गेले. भाऊंनी चहा मागवला. सचिवांकडे जाऊन, ह्यांना परत आणा, आम्ही दोघं मिळून करू, असं म्हणायचं मी येताना रिक्षात ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी सचिव निकालाबद्दल माझं कौतुक करत होते तेव्हा वाक्य ओठांवर आलं होतं. साडेबारा वाजले होते. खिडकीतून दिसत होतं, मावशी माझ्या पोरीचा हात धरून रस्ता ओलांडत होती. मी काही बोलले नाही. नंतरही बोलले नाही. अडलं की फोन करायची, ते सांगायचे, आणि संस्थेत नाव माझं होत गेलं.

त्याच आठवड्यात मी वाचनालयातून ते पिवळं पुस्तक आणलं. मागच्या कागदावर अकरा वेळा ४१७ आणि त्याखाली माझा क्रमांक. पहिल्या चाळीस पानांत ओळींच्या वर खोडलेल्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. उजेडात तिरकं धरलं की ‘परवानगी’, ‘खोली’, ‘मालक’ असे शब्द वाचता येत होते. त्यापुढे काही नव्हतं. पुस्तक खरंच चांगलं होतं. चार दिवसांत वाचून झालं. सुरुवातीला लेखकाने जरा जड लिहिलं होतं, पण चाळिसाव्या पानापुढे ते अगदी सोपं होत जातं.